नाचायला लागा, पण गुडघे सांभाळून

ताल कानावर पडला की पाय आपोआप हलतो, कारण मेंदूतले ऐकण्याचे आणि हालचालीचे भाग एकमेकांशी जोडलेले असतात. नाचाने दमसास वाढतो, तोल सुधारतो, शिवाय पुढची स्टेप आठवावी लागल्याने डोक्यालाही काम मिळतं. नुसत्या ट्रेडमिलवर हे शेवटचं कुठलं व्हायला!

सुरुवातीला मिनिटाला 100 ते 110 ठोक्यांचं गाणं लावा. आधी 5 मिनिटं जागच्या जागी चाला, घोटे आणि खांदे फिरवा. मग उजवा पाय बाजूला टाका, डावा त्याला जुळवा, तेच उलट. 8 मोजून दिशा बदला. हात नंतर. दोन्ही एकदम करायला गेलात की ताल सुटतो.

गुडघा दुखावतो तो बहुधा वळताना. पाऊल जमिनीला चिकटून राहतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. टाच किंचित उचला, चवड्यावर वळा. पकड घट्ट असलेले पळायचे बूट इथे नडतात. गुळगुळीत फरशीवर मोजे तर नकोतच.

बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत दम लागला की वेग बरोबर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला अशी किमान 150 मिनिटं सांगते. ती 10-10 मिनिटांच्या तुकड्यांतही भरतात.