कडधान्य एकदाच शिजवा, महिनाभर पुरवा

उसळ करायची आठवण संध्याकाळी होते, कडधान्य भिजलेलं नसतं, आणि बाहेरून मागवलं जातं. यावर उपाय म्हणजे शनिवारी रात्री अर्धा किलो छोले किंवा राजमा भिजत घाला आणि रविवारी नुसत्या मिठावर कुकरला लावा. शिजून किलोभराच्या वर भरतात. एक शिट्टी कमीच द्या, कारण पुन्हा उकळताना ते आणखी मऊ होतात.

गार करून, पण दोन तासांच्या आत, एका वेळेपुरते पिशवीत भरा. शिजवलेलं थोडं पाणीही घाला, नाहीतर दाणे कोरडे पडतात. पिशवी हाताने चपटी करून फ्रीझरमध्ये आडवी ठेवा: लवकर गोठते, लवकर सुटते, जागाही कमी लागते. डबा वापरलात तर वर बोटभर मोकळं सोडा, पाणी गोठताना फुगतं. तारीख लिहाच.

कांदा-टोमॅटोचं परतलेलं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये छान टिकतं. बटाटा मात्र घालू नका, तो पाणचट होतो. बाहेर काढून सुटलेली पिशवी परत गोठवू नका, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवली की सकाळी डब्यासाठी फक्त फोडणी उरते.