सिंको दे मायो घरी कसा साजरा करावा

५ मे रोजी येणारा सिंको दे मायो घरी साजरा करायचा असेल, तर तो कशासाठी आहे हे आधी घरातल्या सर्वांना, विशेषतः मुलांना, नीट सांगावे. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांतही अनेकांना तो मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन वाटतो. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो. ५ मे हा दिवस १८६२ साली मेक्सिकोतील पुएब्ला शहराच्या वेशीवर मिळालेल्या विजयाचा आहे, आणि सजावटीपासून जेवणापर्यंत पुएब्लाच मध्यभागी ठेवावे असे मला मनापासून वाटते.

मेक्सिकोतील यादवी युद्धामुळे तिजोरी रिकामी झाल्याने राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांनी जुलै १८६१ मध्ये परकीय कर्जांची फेड दोन वर्षांसाठी थांबवली. वसुलीसाठी ब्रिटन, स्पेन आणि फ्रान्सची आरमारे वेराक्रूस बंदराला येऊन ठेपली. पहिल्या दोघांनी वाटाघाटींनंतर काढता पाय घेतला. फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनला मात्र मेक्सिकोत आपल्या तंत्राने चालणारी राजवट बसवायची होती. राजधानीकडे निघालेल्या सुमारे ६,००० फ्रेंच सैनिकांना लोरेतो आणि ग्वादालुपे या टेकडीवरील किल्ल्यांपाशी इग्नासिओ सारागोसा या ३३ वर्षांच्या सेनापतीने मागे रेटले. त्याच्या तुकड्यांत पुएब्लाच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातले आदिवासीही होते. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी शहर जिंकले, १८६४ मध्ये ऑस्ट्रियाचा राजपुत्र मॅक्सिमिलियनला गादीवर बसवले आणि १८६७ मध्ये हुआरेस यांच्या सरकारने त्याला गोळ्या घातल्यावर हे राज्य संपले, हा भागही वगळू नये. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना कॅलिफोर्नियातील मेक्सिकन लोकांनी गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याशी नाते जोडून हा विजय साजरा केला आणि तिथेच या सणाने मूळ धरले. मेक्सिकोत त्याचे मुख्य संचलन आजही पुएब्लातच निघते.

सजावटीसाठी पापेल पिकादो, म्हणजे नक्षीदार कातरलेल्या पातळ कागदाच्या पताका, घरीच कराव्यात. या कलेसाठी पुएब्ला राज्यातील सान साल्वादोर वीशकोलोत्ला हे गाव प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर कागदांची थप्पी रचून छिन्नी-हातोडीने एकदम कोरतात. आपण पतंगाचा कागद तीन-चार घड्यांत दुमडून लहान कात्रीने फुले आणि चांदण्या कापाव्यात, कडेला दोन बोटे जागा सोडून ती सुतळीवर दुमडून चिकटवावी. मोठ्या टोप्या आणि चिकटवलेल्या मिशा मुळीच आणू नयेत. त्याने एका समाजाची नक्कल होते.

जेवणात मोले पोब्लानो, म्हणजे सुक्या मिरच्या आणि चॉकलेटचा पुएब्लाचा दाट रस्सा, असावे आणि ते आदल्या दिवशीच करून ठेवावे, कारण मुरल्यावर त्याची चव खुलते. आंचो, मुलातो आणि पासिया या सुक्या मिरच्यांच्या बिया काढून त्या तव्यावर काही सेकंदच शेकाव्यात. मिरची करपली तर सगळे वाटण कडू होते. मग त्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, तळलेले बदाम, मनुका, भाजलेले तीळ, दालचिनी, लवंग, कांदा, लसूण, टोमॅटो आणि तळलेल्या टॉर्टियाचा, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीचा, तुकडा यांसह गंधासारख्या बारीक वाटाव्यात. हे वाटण तेलात परतून कोंबडीच्या रश्श्यात मंद आचेवर तासभर शिजवावे, सतत ढवळावे आणि शेवटी थोडे काळे चॉकलेट विरघळवून शिजलेल्या कोंबडीवर घालावे. वरून तीळ पेरावेत. शाकाहारी घरात भाज्यांचा रस्सा वापरावा. या मिरच्या न मिळाल्यास ब्याडगीने रंग येईल, पण सुकामेव्यासारखा गोडसर, धुरकट स्वाद येणार नाही. सोबतच्या टॉर्टियासाठी साधे मक्याचे पीठ चालत नाही, कारण ते लाटताना तुटते. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचे मासा पीठ आणावे.

पेयासाठी लाल अंबाडीच्या बोंडांच्या सुकवलेल्या पाकळ्या पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळाव्यात आणि साखर व बर्फ घालावा. मेक्सिकोत हेच पेय आग्वा दे हामाइका म्हणून घरोघरी पितात, तेव्हा मोठ्यांच्या पंगतीलाही बिअरऐवजी तेच द्यावे.