राउटरवर व्हीपीएन, पण फक्त टीव्हीपुरता

ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या राउटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन लावलं की बहुतेकदा अख्ख्या घराचा ट्रॅफिक व्हीपीएनच्या बोगद्यातून जायला लागतो. मग बँकेचं अ‍ॅप कुरकुरतं, ऑफिसचा व्हिडिओ कॉल अडखळतो. कारण साधं असतं: पीअरच्या (पलीकडच्या व्हीपीएन सर्व्हरच्या) सेटिंगमध्ये अलाउड आयपीजला ०.०.०.०/०, म्हणजे ‘सगळे पत्ते’, दिलेलं असतं आणि खालच्या ‘रूट अलाउड आयपीज’वर टिक असते. ०.०.०.०/० राहू द्या, टिक तेवढी काढा. आता बोगदा चालू, पण त्यातून कोणीच जात नाही.

पुढे कोणतं उपकरण कुठल्या वाटेने जाईल हे ठरवणारं पीबीआर हे पॅकेज आणि राउटरच्या वेब-पानावरून ते सेट करायला त्याचं ल्युसी अ‍ॅप टाका. टीव्हीला डीएचसीपीमधून (राउटरचा आयपी वाटणारा भाग) कायमचा आयपी बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०, आणि पीबीआरच्या पॉलिसीत तो लोकल अ‍ॅड्रेस म्हणून लिहून इंटरफेस वायरगार्डचा निवडा. फायरवॉलमध्ये त्या इंटरफेसच्या झोनला मास्करेडिंग (बाहेर जाताना राउटरचाच पत्ता लावणं) हवं, शिवाय लॅनकडून, म्हणजे घरातल्या नेटवर्ककडून, तिकडे फॉरवर्डिंगही. हे राहिलं तर टीव्ही नुसता गोल गोल फिरत बसतो.

पीबीआरमधलं ‘स्ट्रिक्ट एन्फोर्समेंट’ चालू ठेवा. बोगदा बंद पडला तर टीव्ही गुपचूप साध्या लाइनवरून बाहेर पडत नाही. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मात्र हमखास विसरलं जातं. व्हीपीएन फक्त आयपीव्ही४चा असेल तर टीव्हीचं आयपीव्ही६ बंदच करा, नाहीतर अर्धा ट्रॅफिक मागच्या दाराने जाईल.

पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) कनेक्शनवर काही साइट अर्धवट उघडत असतील तर वायरगार्डचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० वरून १४१२ करून बघा.