प्रोसेसर तापतोय? कामवाटपातल्या या चुका टाळा

मशीन सुरुवातीला सुसाट पळतं आणि काही मिनिटांनी मंदावतं. प्रोसेसरचा एकूण वापर बघावा तर जेमतेम ६ टक्के. १६ कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) मशीनवर एकच कोअर पूर्ण वेळ राबत असला तर आकडा एवढाच दिसणार! म्हणून नवा पंखा मागवण्याआधी कोणतं काम कोणत्या कोअरवर चाललंय ते बघा.

जड काम ‘टास्कसेट’ने (काम ठरावीक कोअरवरच चालवणाऱ्या लिनक्सच्या आज्ञेने) एकाच कोअरला बांधणं ही मला सगळ्यांत महागात पडणारी चूक वाटते. हेतू चांगला असतो: डेटा कॅशमध्ये (कोअरजवळच्या वेगवान मेमरीत) राहावा, बाकीचे कोअर मोकळे राहावेत. पण सगळी उष्णता चिपच्या एका कोपऱ्यात साचते. कोअर मिलिसेकंदांत तापतो, हीटसिंकला (चिपवरच्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाला) मात्र तापायला मिनिटं लागतात. त्यामुळे सरासरी तापमान बरं दिसत असतानाच तो एक कोअर मर्यादेला टेकतो (इंटेलच्या बऱ्याच चिपमध्ये ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते) आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे त्याचा वेग, कोसळते. बांधायचंच असेल तर चार-सहा कोअरचा गट द्या. लिनक्सचा नेहमीचा शेड्युलर (कोणतं काम कधी, कोणत्या कोअरवर चालवायचं ते ठरवणारा भाग) थेट तापमान बघत नाही, पण २०२० मधल्या ५.७ आवृत्तीपासून, जिथे सोय आहे तिथे, तापल्यामुळे घटलेली क्षमता तो हिशोबात धरतो. एका कोअरला जखडलेल्या कामाला त्याचा काय उपयोग?

गट निवडताना कोअरच्या क्रमांकांवर विसंबू नका. हायपरथ्रेडिंग (एकच कोअर सिस्टीमला दोन कोअरसारखा दिसण्याची सोय) असेल तर काही मशीनवर ० आणि १ हे एकाच कोअरचे दोन थ्रेड असतात, काहींवर ० आणि ८. दोन कामं वेगळी केली असं वाटतं, प्रत्यक्षात दोन्ही एकाच जागी घाम गाळत असतात. कोणते क्रमांक एकाच कोअरचे ते सांगणारी ‘थ्रेड सिब्लिंग्ज लिस्ट’ ही फाइल आधी वाचा.

याच्या उलट, काम सतत या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहणंही वाईट. प्रत्येक वेळी कॅश नव्याने भरावी लागते आणि त्यातही वीज जाते.

‘नाइस’ (कामाचं प्राधान्य ठरवणारा आकडा) १९, म्हणजे सगळ्यांत कमी प्राधान्याचं, केलं की काम थंडपणे चालेल, हा समज तर फार पसरलेला आहे. नाइस फक्त रांगेतल्या इतर कामांच्या तुलनेत किती वेळ मिळणार ते ठरवतं. रांगेत दुसरं कुणी नसेल तर ते काम पूर्ण वेगानेच धावतं. खरी मर्यादा हवी असेल तर सीग्रुपमधल्या (कामांच्या गटाला मर्यादा घालणारी लिनक्सची सोय) ‘सीपीयू मॅक्स’मध्ये ‘५०००० १०००००’ लिहा, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत ५० मिलिसेकंदच मिळतील. मात्र त्या ५० मिलिसेकंदांत कोअर टर्बोवर, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगावर, जाऊ शकतो. निकालाची घाई नसेल तर मी कमाल फ्रिक्वेन्सी खाली आणणं पसंत करीन. स्विचिंगसाठी (ट्रान्झिस्टर चालू-बंद होण्यासाठी) लागणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी उतरवले तर ०.९ चा घन, म्हणजे ०.७३ उरतो. वेग दहा टक्के गेला, पण ही शक्ती २७ टक्क्यांनी घटली. शिवाय चिप थंड राहिली की गळतीचा प्रवाहही (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारी वीज) कमी होतो.

बदल केल्यावर दोन मिनिटांच्या चाचणीवर समाधान मानू नका, तोवर हीटसिंक पुरता तापलेलाच नसतो. अर्धा तास भार ठेवा, प्रत्येक कोअरचं तापमान वेगळं नोंदवा आणि इंटेलवर ‘कोअर थ्रॉटल काउंट’ (तापल्यामुळे कोअरचा वेग किती वेळा उतरवला त्याची मोजणी) वाढतोय का ते बघा.

आणि काहीही चालू नसताना तापमान चढलेलंच असेल तर शेड्युलरला हात लावू नका. आधी धूळ झाडा, थर्मल पेस्ट बघा, कूलर नीट बसलाय का ते तपासा.