मोबाईल काढून घेतला म्हणजे मूल वाचलं, असं समजू नका

माझा भाचा सातवीत आहे. परळच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत पाच माणसं राहतात. पोरगं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गादीवर पालथं पडून गेम खेळतंय, म्हणून घरचे निर्धास्त. गेमच्या चॅटवर कुणीतरी त्याला 'डायमंड (गेममधलं चलन) देतो, शर्ट काढून फोटो पाठव' म्हणत होतं. दोन दिवस त्याचं ताटात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो रडत ताईला बोलला. ताईनं एक चापट मारली, फोन काढून घेतला, चॅट आणि गेम दोन्ही उडवून टाकले.

आईचा जीव, भीतीनं असं होतं. पण पुन्हा काही घडलं तर तो सांगायला येईल का? 'घरी कळलं तर तुलाच मार बसेल' याच धमकीवर ही माणसं पोरांना अडकवतात. मूल सांगायला आलं की आधी म्हणा, 'बरं केलंस सांगितलंस.' बाकीचं नंतर.

दुसरी चूक तक्रार लिहायला बसलो तेव्हा कळली. समोरच्याचं युजरनेमच कुणाला धड आठवेना. म्हणून ब्लॉक करण्याआधी चॅटचे स्क्रीनशॉट काढा. त्यांत युजरनेम, तारीख, वेळ दिसली पाहिजे. प्रोफाइलची लिंकही जपून ठेवा. मुलाचा तसला फोटो मात्र पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला फॉरवर्ड करू नका, तो पाठवणंही गुन्हा ठरू शकतो.

'पोलिसांत गेलो तर बोभाटा होईल' म्हणून गप्प बसू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा मुलग्यांनाही लागू आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतात, अधिकारी त्या वेळी वर्दीत नसावा असं कायदाच सांगतो. नाव छापायलाही बंदी आहे. आधी कुणाशी तरी बोलायचं असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.

फोटो आधीच गेला असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. फोटो फोनमध्येच राहतो, त्याच्यापासून तयार झालेला सांकेतिक क्रमांक तेवढा पुढे जातो, आणि त्यावरून सहभागी ॲप तो फोटो शोधून काढून टाकू शकतात.

आणखी एक चूक घरोघरी दिसते. इन्स्टाग्रामला 13 वर्षं लागतात, म्हणून आपणच जन्मसाल मागचं टाकून देतो. मग ॲपच्या लेखी ते पोर मोठं माणूस होतं आणि लहानांसाठीचं संरक्षण त्याला मिळतच नाही. आज रात्री मुलाशेजारी बसून ते साल तपासा, आणि गेममध्ये अनोळखी लोकांचं चॅट बंद करता येत असेल तर तेही त्याच्याच हातानं करून घ्या.