संधिवाताच्या गोळ्या चालू आहेत आणि कोरोना पॉझिटिव्ह आलात? कुठली गोळी थांबवायची, कुठली नाही

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरातलं कोणीतरी म्हणतंच, अगं त्या इम्युनिटी कमी करणाऱ्या गोळ्या आधी बंद कर. ऐकायला बरोबर वाटतं, पण सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत टाकून बंद करणं हेच सगळ्यात धोक्याचं.

पहिलं स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन, म्हणजे वायसोलोन वगैरे, बरेच आठवडे रोज घेत असाल तर एकदम थांबवायचंच नाही, कारण शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करून बसलेलं असतं, आणि आजारपणात नेमकं तेच जास्त लागतं. बीपी पडतं, उलट्या होतात, गळून जायला होतं. डॉक्टर उलट काही दिवस डोस वाढवायलाही सांगतात. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर सकाळची वाट बघू नका, हॉस्पिटल गाठा, इंजेक्शन लागतं. हां, रोज 10 मिग्रॅ किंवा जास्त घेणाऱ्यांना ॲडमिट व्हायची वेळ जास्त येते हे 2020 मध्येच दिसलं होतं, पण डोस कमी करायचं काम बरं असताना, डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

एचसीक्यू, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, चालूच ठेवतात. 2020 च्या मार्चमध्ये हीच गोळी कोरोनावर चालते म्हणून लोकांनी मेडिकलमधून उचलली आणि ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) पेशंटना स्ट्रिप मिळेना, नंतर ट्रायलमध्ये कळलं की कोरोनावर काही उपयोग नाही. ल्युपसला मात्र आहे, त्यामुळे सोडू नका.

मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, ॲझाथायोप्रिन, टोफासिटिनिब आणि बायोलॉजिकची (प्रतिकारशक्तीचा ठराविक भाग दाबणारी) इंजेक्शनं, ही मंडळी सहसा तात्पुरती थांबवतात. सहसा म्हणतेय, कारण ल्युपसमुळे किडनीला सूज असेल तर गणित वेगळं, तिथे डॉक्टरांना फोन केल्याशिवाय काहीच नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते, स्ट्रिपवर बॉलपेनने "रविवार" लिहिलेलं असतं ना, तो रविवार आजारपणात आला तर डॉक्टरांना विचारून सोडायचा आणि बरं झाल्यावर राहिलेली भरून काढायला डबल घ्यायची नाही. सौम्य कोरोना असेल तर लक्षणं गेल्यावर साधारण 7 ते 14 दिवसांत औषधं परत सुरू होतात. तेवढ्यात सांधे थोडे धरतील. कोरोनातही अंग ठणकतं, पण बोटांचे सांधे सुजून सकाळी तास-तासभर मूठच वळत नसेल तर ते आपल्या जुन्या दुखण्याचं आहे, तसं डॉक्टरांना सांगा.

ताप नाही म्हणून निवांत राहू नका. स्टेरॉइड आणि पेनकिलर ताप दाबतात, आणि टोसिलिझुमॅब (एक बायोलॉजिक) घेतलेलं असेल तर शरीरातली सूज दाखवणारी सीआरपी ही रक्ताची टेस्टसुद्धा खोटी नॉर्मल येते. म्हणून ऑक्सिमीटर लावत राहा, 94 च्या खाली गेलं किंवा चालल्यावर धाप लागली की निघा.

रिटुक्सिमॅब (हेही एक बायोलॉजिक) घेणाऱ्यांनी तर साधी सर्दी असली तरी टेस्ट करून लगेच कळवायचं. त्यांच्यात अँटीबॉडी नीट बनत नाहीत, लसही कमी लागू पडते आणि पॅक्सलोव्हिड (कोरोनावरच्या गोळ्या) द्यायचं ठरलं तर ते लक्षणं सुरू झाल्यापासून 5 दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. आणि हे फार कोणी सांगत नाही, पॅक्सलोव्हिडमधल्या रिटोनाव्हिरचं टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, टोफासिटिनिब आणि गाऊटच्या (युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात) कोल्चिसिनशी अजिबात जमत नाही, त्यांची रक्तातली पातळी वाढते, कोल्चिसिनची तर जीवावर बेतू शकते. कोरोनाची ट्रीटमेंट देणाऱ्या डॉक्टरला तुमच्या संधिवाताच्या गोळ्या माहीत असतीलच असं नाही, तेव्हा प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाईलमध्ये आजच काढून ठेवा आणि घरातल्या एकाला तरी पाठवा. फोटोत गोळीचं नाव, डोस, वार आणि शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ती तारीख नीट वाचता आली पाहिजे.