वडील गेल्यावर फ्लॅट आईच्या नावावर कसा करायचा (मृत्युपत्र नसेल तर)

"नॉमिनी आईच आहे की, मग अजून काय करायचं राहिलं?" हे वाक्य मी ठाण्यात इतक्या घरांमध्ये ऐकलंय की आता समोरच्याला आधी बसवते, पाणी देते आणि मग सांगते, नॉमिनी म्हणजे मालक नाही. नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, खरे वारस सभासद होईपर्यंत, एवढंच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-१३ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. मालकी ठरते वारसा कायद्याने, आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि वडिलांची आई, सगळ्यांना सारखा वाटा. (बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही हाच कायदा. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे नियम वेगळे, त्यांनी हा लेख वाचून काही करू नये.)

मी सहा वर्षं सोसायटीची सेक्रेटरी होते, आणि माहेरचं, सासरचं, मग शेजारपाजारचं असं करत हे काम आठ-नऊ वेळा तरी केलंय. मी वकील नाही. दस्त, म्हणजे हक्कसोडपत्र (बाकीचे वारस आपला वाटा आईच्या लाभात सोडतात तो कागद), वकिलाकडूनच करून घ्या, पण वकिलाकडे जायच्या आधी घरात जे करायचं असतं ते कोणी सांगत नाही, म्हणून लिहितेय.

मृत्यूचा दाखला पालिकेतून घ्या, दहा-बारा प्रती एकदमच घ्या. फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट शोधून ठेवा. अ‍ॅग्रीमेंटवर आईचंही नाव असेल तर वडिलांच्या हिश्श्यापुरताच प्रश्न आहे, हे आधी बघा. कर्ज बाकी असेल तर बँकेशी बोला. इथपर्यंत काही अवघड नाही.

अवघड आहे ती वंशावळ. लोक पाच मिनिटांत कागदावर आई, मी, भाऊ अशी तीन नावं लिहितात आणि झालं म्हणतात. आम्हीही तेच केलं होतं.

माझे वडील २००९ मध्ये गेले. कळव्याचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. आम्ही दोघं भावंडं, कोर्टनाक्याजवळ एका टायपिस्टकडे गेलो, त्याने स्टॅम्प पेपरवर हक्कसोडपत्र टाइप करून दिलं, आम्ही सह्या केल्या, नोटरी केली, सोसायटीने आईचं नाव शेअर सर्टिफिकेटवर चढवलं, आम्हाला वाटलं काम झालं. दहा वर्षं कोणी विचारलं नाही. मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली, बिल्डरच्या वकिलाने प्रत्येक सभासदाचे कागद तपासले आणि आमच्या फाइलवर दोन शेरे मारले. पहिला, हक्कसोडपत्र नोंदणीकृत नाही, त्यामुळे मालकीसाठी त्याला अर्थ नाही. दुसरा शेरा वाचून आईने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज कापत होता, कारण वकिलाने विचारलं होतं, "सासूबाई कधी वारल्या?"

आजी २०१२ मध्ये वारली. म्हणजे वडील गेले तेव्हा ती हयात होती, गावी, कराडजवळ. मुलाच्या मालमत्तेत आईचा वाटा असतो हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आई, भाऊ, मी आणि आजी, प्रत्येकी पाव हिस्सा. आजी गेल्यावर तिचा पाव हिस्सा तिच्या वारसांकडे, म्हणजे काका, दोन आत्या आणि वडिलांच्या वाटणीचे आम्ही दोघं. त्यातली धाकटी आत्या २०१६ मध्ये गेली, तर तिच्या जागी तिचे मिस्टर आणि दोन मुलं, त्यातला एक दुबईला. आईच्या एका वन बीएचकेसाठी सात जणांच्या सह्या लागल्या, आणि काकांशी तर गावच्या घरावरून आमचं कित्येक वर्षं बोलणंच नव्हतं.

म्हणून सांगते, वंशावळ करताना वडील गेले ती तारीख कागदाच्या वर मोठी लिहा आणि त्या दिवशी कोण कोण हयात होतं हे विचारा, आज कोण आहे हे नंतर. वडिलांची आई होती का? एखादा मुलगा किंवा मुलगी वडिलांच्या आधीच गेली असेल तर तिची मुलं, आणि गेलेल्या मुलाची बायकोसुद्धा. वडिलांचे वडील मात्र पहिल्या वर्गाच्या, म्हणजे आधी वाटा मिळणाऱ्या, वारसांत येत नाहीत, त्यांचं नाव घालून गोंधळ करू नका. ज्यांचं नाव येईल त्यांच्यापैकी नंतर कोणी गेलं असेल तर त्यांच्या नावाखाली त्यांचे वारस. प्रत्येक नावापुढे जन्म-मृत्यूची तारीख, आणि नाव आधारवर जसं आहे तसंच. आजी हयात असेल तर तिची सही आजच घ्या, दोन महिन्यांनी नाही. एका सहीच्या सात सह्या कशा होतात ते आम्ही भोगलंय.

वारसांमध्ये अठरा वर्षांखालचं मूल असेल तर थांबा. त्याचा हक्क आई किंवा मामा परस्पर सोडू शकत नाही, कोर्टाची परवानगी लागते. "मोठा झाल्यावर बघू" म्हणून सही ठोकून देणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका.

आता बहिणींबद्दल. अजूनही मला लोक सांगतात की मुलींना हक्क २००५ पासून मिळाला, आमच्या ताईचं लग्न त्याआधीच झालंय. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या फ्लॅटमध्ये मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे, लग्न झालेलं असो नसो. २००५ चा बदल वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल होता. मी स्वतः माहेरचा हक्क सोडलाय आणि आनंदाने सोडलाय, पण आईसाठी, आणि काय सोडतेय ते वाचून. बहिणीला दिवाळीला बोलवायचं आणि जेवण झाल्यावर "इथे इथे सही कर" म्हणून कागद पुढे करायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते चूक आहे. ड्राफ्ट तिला आठ दिवस आधी पाठवा, फ्लॅटची आजची किंमत सांगा, सही केल्यावर परत मागता येणार नाही हे सांगा. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे. मग तिचं नाव ठेवून सगळ्यांच्या नावावर फ्लॅट होऊ शकतो, काही बिघडत नाही.

आणि माझं स्पष्ट मत, आई हयात असताना हक्क आईच्याच लाभात सोडा, भावाच्या नाही. घर भावाच्या नावावर झाल्यावर आईला कोणत्या खोलीत झोपायचं हे विचारून झोपावं लागलेलं मी आमच्याच मजल्यावर बघितलंय.

दस्तात तीन गोष्टी स्वतः वाचा. लिहून देणार म्हणून वंशावळीतले सगळे आहेत का. लिहून घेणार म्हणून आईचं एकटीचं नाव आहे का, कारण नुसतं "हक्क सोडला" लिहिलं तर तो उरलेल्या सगळ्या वारसांकडे जातो. आणि मिळकतीचं वर्णन, म्हणजे फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, सर्व्हे नंबर, अ‍ॅग्रीमेंटशी शब्दशः जुळतंय का. वारसाहक्काने आलेल्या मिळकतीत जवळच्या नात्यात, पैसे न घेता केलेल्या हक्कसोडपत्राला स्टॅम्प ५०० रुपये आहे, ऑक्टोबर २०२४ च्या आधी २०० होता. नोंदणीचा खर्च वेगळा. कोणी बक्षीसपत्र (गिफ्ट डीड) करा म्हणालं तर ऐकू नका, त्यातली २०० रुपयांत स्टॅम्प भागण्याची सवलत नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं आणि मयत मुलाची बायको यांना घर देताना आहे, मुलाने आईला देताना नाही, तिथे टक्क्यात ड्युटी भरावी लागते.

सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रारकडे) नोंदणी. डेटा एंट्री आणि चलान ऑनलाइन आधी करून जा, ओळख पटवायला दोन माणसं बरोबर न्या, सगळ्यांचं ओरिजिनल आधार. आमच्या वेळी काकांचा अंगठा मशीन घेईना, आयुष्यभर शेतीत राबून रेषाच पुसल्या होत्या. चार वेळा झालं, मागे लाइन वाढत होती, मग भावाने रुमाल ओला करून त्यांचा अंगठा हळूहळू पुसला, परत टेकवला, आणि घेतला. बाहेर आल्यावर काका आईला म्हणाले, "वहिनी, आता घर तुझं." इतक्या वर्षांनी तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. म्हाताऱ्या माणसांना सकाळच्या पहिल्या नंबरला न्या, दुपारी नाही. अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लावून अर्ज केला की निबंधक घरी येऊ शकतात.

परदेशातल्या वारसाने तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करायची, त्यात हाच फ्लॅट आणि हक्कसोड हे शब्द स्पष्ट हवेत, आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला स्टॅम्प लागला पाहिजे. आमच्या आतेभावाने पहिल्यांदा "सर्व व्यवहारांसाठी" असं मोघम लिहून पाठवलं, ते परत करावं लागलं, दीड महिना गेला.

नोंदणी झाली की सोसायटी सोपी. अर्ज, दाखला, नोंदणीकृत दस्त, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, ५०० रुपये ट्रान्सफर फी. वारसाकडून प्रीमियम (ट्रान्सफरसाठीची जास्तीची रक्कम) घेता येत नाही, कमिटीने मागितला तर सोसायटीचे उपविधी (नियम) दाखवा. नॉमिनेशन केलेलंच नसेल तर सोसायटी नोटीस बोर्डावर आणि दोन स्थानिक पेपरांत हरकती मागवते, तो वेळ धरा. वारसांत एकमत नसेल तर मात्र दिवाणी कोर्टातून वारस दाखला आणावा लागतो, तो अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. सक्सेशन सर्टिफिकेट वेगळं, ते मुळात बँकेतले पैसे, शेअर्स यांच्यासाठी असतं, फ्लॅटसाठी त्याच्या मागे लागून पैसे घालवू नका.

वाशी, नेरुळ, ऐरोलीकडच्यांनी एक जास्तीचं बघायचं, जमीन सिडकोची लीजवर आहे. सिडकोने बांधलेलं घर असेल तर सोसायटीत नाव लागलं म्हणून थांबू नका, सिडकोच्या रेकॉर्डलाही नाव लावून घ्या, नाहीतर विकताना बेलापूरच्या सिडको भवनच्या फेऱ्या चुकत नाहीत. मग प्रॉपर्टी टॅक्स आणि महावितरणचं बिल, एकेक अर्ज.

आणि हे सगळं झालं की त्याच महिन्यात आईचं मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करा, दोन साक्षीदार लागतात, ते ज्यांना मृत्युपत्रात काही मिळणार नाही असे आणि शक्यतो आईपेक्षा वयाने लहान घ्या. आमच्या आईने खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना आणि तिच्या भिशीतल्या एका मैत्रिणीच्या सुनेला घेतलं, आणि सही करताना भाऊ आणि मी, दोघांनाही खोलीच्या बाहेर बसवलं.